घोडा जमत नाही म्हणून रडणारी लेक आणि १२० नगांची रंगपेटी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक आठ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षीपर्यंत मिळेल त्या कागदावर चित्रं काढायची. हल्ली घोडा काढायला बसते, मनासारखा झाला नाही की खोडते, पुन्हा काढते, पुन्हा खोडते, कागद फाटतो आणि रडत तुमच्याकडे येते, "आई, तूच काढून दे." मामानं वाढदिवसाला १२० नगांची मोठी रंगपेटी दिली, ती आठवड्याभरात घरभर झाली. डोंबिवलीतलं वन बीएचके, त्यात आजी-आजोबा आणि धाकटा दीड वर्षाचा. तुम्ही विचारलंय की क्लास लावावा का, स्केचिंगसाठी काय काय आणावं, आणि हे सगळं ठेवायला चाकांची ट्रॉली घ्यावी की कप्प्यांची पेटी.

मी चिपळूणला शाळेत २६ वर्षं चित्रकला शिकवली. आता निवृत्त आहे, पण दर रविवारी घरी मुलं येतात, सहा ते चौदा वयाची. आईवडील मला हे प्रश्न बहुतेक याच क्रमानं विचारत आलेत: आधी क्लास, मग सामान, मग ते ठेवायचं कुठे. मला यातलं दुखणं वेगळं दिसतं. तुमच्या लेकीला स्वतःचं चित्र आवडेनासं झालंय, आणि सामान इतकं झालंय की हवी ती पेन्सिल हवी तेव्हा हाताशी येत नाही. या दोन गाठी सुटल्या की क्लास आणि ट्रॉली हे सोपे निर्णय आहेत.

इथून मला न दिसणाऱ्या काही गोष्टी मात्र तुम्हीच बघा. ती कागदावर फार वाकून, नाक टेकवून काढते का? तसं असेल तर आधी डोळे तपासून घ्या. माझ्या वर्गातल्या किती तरी मुलांना नंबर असल्याचं पहिल्यांदा चित्रकलेच्या तासाला लक्षात आलंय, कारण समोर ठेवलेली वस्तू त्यांना नीट दिसतच नव्हती. बोटं दुखतात म्हणून मध्येच पेन्सिल टाकते का, तेही बघा. मग पेन्सिल घट्ट आवळून धरायची सवय सोडवावी लागेल. आणि घरात कुणी तिच्या चित्राला हसतंय का? प्रेमानं हसणंसुद्धा या वयात लागतं.

आता घोड्याचं. पाच-सहा वर्षांचं मूल जे माहीत आहे ते काढतं. घोड्याला चार पाय असतात, म्हणून चार काठ्या. माणसाला दोन डोळे असतात, म्हणून बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्यालाही दोन डोळे. त्याला ते चित्र पूर्ण वाटतं, कारण त्यानं ते दिसण्याशी ताडून बघितलेलंच नसतं. आठ-नऊच्या आसपास मूल ताडून बघायला लागतं. नजर पुढे गेलेली असते आणि हात अजून मागे असतो. तुमची लेक रडते ती या मधल्या अंतरामुळे. तिची चित्रकला बिघडलेली नाही, तिला जास्त दिसायला लागलंय. हे तिला तसंच सांगा, "तुला आता चूक दिसते म्हणजे तुझे डोळे मोठे झालेत." मुलांना हे वाक्य लगेच कळतं. बरीच माणसं या वळणावर चित्र काढणं कायमचं सोडतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं मला फार मोलाची वाटतात.

आपल्याकडे 'निसर्गचित्र काढ' म्हटलं की कोणतंही मूल काय काढतं, तुम्हाला माहीत आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, कौलारू घर, नारळाचं झाड आणि आभाळात चार पक्षी. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पाचवीतला, तो हे चित्र डोळे मिटून काढायचा. एकदा त्याला खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, समोरचा डोंगर काढ. बराच वेळ तो नुसता बघत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, याला टोकच नाहीये." खरंच नव्हतं. आमच्याकडचे बरेचसे डोंगर वरून सपाट. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट कातळ, असतो वर, कडा तुटल्यासारखी खाली येते आणि मग उतार सुरू होतो. त्या दिवशी त्यानं काढलेली रेष वाकडीतिकडी होती, पण ती त्या डोंगराची होती. रेखाटन शिकवणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की मुलाला 'टोकच नाहीये' असं म्हणण्यापर्यंत आणायचं.

यासाठी घरात करायचा माझा सगळ्यात आवडता खेळ सांगते. एक स्टीलची वाटी घ्या. लेकीला एक डोळा मिटायला सांगा आणि वाटी तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर, त्याच उंचीवर धरा. वाटीचं तोंड तिला गोल दिसणार नाही, एक आडवी रेष दिसेल. आता वाटी सावकाश खाली आणा. रेष उघडते, बारीक लांबट होते, मग फुगत फुगत जाते, आणि वाटी मांडीशी आली की जवळपास गोल दिसते. वाटी तीच, पण दर खेपेला तिचं तोंड वेगळं. हे पहिल्यांदा बघताना मुलं हरखून जातात. मग टेबलावर एक पेला ठेवा आणि काढायला सांगा. बहुतेक मुलं वरचं तोंड लिंबासारखं दोन्हीकडे टोकदार काढतात आणि बुडाला सरळ रेष मारतात, कारण पेला सपाट टेबलावर उभा आहे हे त्यांना माहीत असतं. तिला चूक सांगू नका. वाटीची आठवण करून द्या: जितकं डोळ्याच्या खाली, तितकं जास्त गोल. पेल्याचं बूड तोंडाच्याही खाली आहे, म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलसर दिसायला हवी. ती पुन्हा पेल्याकडे बघेल. तिनं पुन्हा बघितलं की त्या दिवसाचं काम झालं, चित्र कसंही येवो.

दुसरा खेळ पोकळीचा. चहाचा कप काढताना कप काढायचाच नाही; कपाचा कान आणि कप यांच्या मधल्या भोकाचा आकार काढायचा. कप कसा असतो हे मुलाला पाठ असतं, भोक कसं असतं हे पाठ नसतं, म्हणून तिथे त्याला बघावंच लागतं. खुर्चीच्या पायांमधल्या जागा, खिडकीच्या गजांमधून दिसणारे आभाळाचे तुकडे, हेही तसंच. तिसरा खेळ म्हणजे कागदाकडे न बघता काढणं. भोपळी मिरची किंवा पायातली चप्पल समोर ठेवायची, नजर तिच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची आणि हात तसाच कागदावर सरकवायचा. चित्र हमखास विचित्र येतं आणि सगळे मिळून हसतात. तुम्हीही तिच्यासोबत बसून काढा. तुमचीही चप्पल वेडीवाकडी आलेली बघून तिला जो धीर येईल, तो माझ्या किंवा कुणाच्याही कौतुकानं येणार नाही. एका वेळी १०-१५ मिनिटं पुरे, आठवड्यातून तीन-चारदा.

एक गोष्ट हात जोडून सांगते. तिच्या कागदावर तुम्ही रेष मारू नका. "आई, काढून दे" म्हटलं तर वेगळ्या कागदावर तुमचा घोडा काढा, तिच्या चित्राला हात लावू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे चुकले होते. एका मुलीनं काढलेल्या मांजराची मान मी खोडून नीट करून दिली. वर्गात सगळ्यांना ते मांजर आवडलं. तासानंतर वह्या गोळा केल्या तेव्हा त्या पानाच्या मागे तिनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे बाईंनी काढलंय.' ते पान मला अजून जसंच्या तसं आठवतं. त्यानंतर मी कुठल्याही मुलाच्या चित्रावर पेन्सिल टेकवली नाही. दाखवायचं झालं तर शेजारी कोरा कागद घेते.

खोडरबराबद्दल. तो बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण खोडणं हेही कामाचं आहे. पण पहिली दहा मिनिटं तो तुमच्याकडे राहू द्या. चुकलेली रेष तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची, मग तिसरी. तीन रेषांतली कुठली खरी वाटते ते शेवटी ठरवायचं. पहिली रेष समोर असली की दुसरी कुठे जायला हवी ते कळतं. खोडून टाकली की मूल पुन्हा तिथेच चुकतं. तुमच्या घरी कागद फाटतो त्याला आणखी एक कारण असावं: एचबी पेन्सिल आणि जोर. एचबी तशी कडक, तिच्यावर दाबलं की कागदात चर पडतो, तो खोडून जात नाही.

पेन्सिलींवरच्या या अक्षरांचं कोडं सोपं आहे. आतलं 'शिसं' म्हणजे शिसं नसतंच. ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती कालवून भट्टीत भाजलेली कांडी असते. ही रीत फ्रान्समधल्या निकोला-जाक काँते यानं १७९५ साली आणली. माती जास्त तर कांडी कडक आणि रेष फिकी, ती एचची बाजू. ग्राफाइट जास्त तर कांडी मऊ आणि रेष काळी, ती बीची बाजू. तुमच्या लेकीला तीन पेन्सिली भरपूर झाल्या: शाळेची एचबी आहेच, रेखाटनाला २बी, आणि गडद सावलीला ६बी. दहा-बारा पेन्सिलींचा संच घेऊन आलेलं मूल माझ्याकडे कुठली घेऊ यातच अर्धा तास घालवतं. २बी हातात दिली की तिला पेन्सिल टोकापासून जरा लांब, चार बोटं मागे धरायला सांगा. लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरली की फक्त बोटं हलतात. मागे धरली की मनगट आणि कोपर हलायला लागतात, रेष आपोआप हलकी आणि लांब येते.

कागद भारी आणू नका. चांगली जाड वही बघितली की मुलं घाबरतात, पान फुकट जाईल म्हणून. माझ्याकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो, ऑफिसातून आलेल्या एका बाजूला छापलेल्या प्रिंटचा. त्यावर हवं ते, हवं तितकं. साधा प्रिंटचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम. पेन्सिलीला तो चालतो. पाणी लागणारे रंग आले की तो गोळा होतो, तेव्हा १५० किंवा त्याहून जाड कागद लागतो. याशिवाय एक ए५ आकाराची, बिनरेघांची, स्पायरलची वही तिच्या नावाची असू द्या. त्यातलं पान फाडायचं नाही, खोडलं तरी चालेल, प्रत्येक पानावर तारीख. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे, तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे ते चित्रांची रोजनिशीच ठेवायला लागले. एका वहीनं एवढं होईल असं कुणी आधी सांगू शकत नाही, पण वही घरात असायला हवी हे मी नक्की सांगू शकते.

क्लासबद्दल माझं मत: आठव्या वर्षी लावलाच पाहिजे असं नाही, आणि लावायचा तर आधी एक तास तिथे बसून बघा. बाई किंवा सर फळ्यावर एक चित्र काढतात आणि पंचवीस मुलं तेच चित्र उतरवून रंगवतात, असं असेल तर थांबा. मुलांच्या समोर खरी वस्तू ठेवलेली असेल, प्रत्येकाचं चित्र वेगळं दिसत असेल, तर खुशाल घाला. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची घाई आत्ता नको. कला संचालनालयाच्या या परीक्षांना मुलं साधारण सातवी-आठवीच्या सुमारास बसायला लागतात, आणि त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असं बरंच काही असतं. दहावीच्या वाढीव गुणांसाठी तिसरीपासून तयारी करून घेतलेली मुलं मी बघितली आहेत. परीक्षा झाली की त्यांची पेन्सिल सुटते.

आत्तापर्यंतचं सामान मोजा: तीन पेन्सिली, एक शार्पनर, एक खोडरबर, पाठकोरे कागद, एक वही, लिहायचा पॅड. हे सगळं एका पिशवीत मावतं. मग ठेवायचा प्रश्न उरतो तो त्या १२० नगांचा, आणि तिथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण मुलं चित्र काढायला बसतात की नाही हे पुष्कळदा यावरच ठरतं.

ती पेटी दिसायला सुंदर असते. प्रत्येक नगाला खाच, खाचेत रंग क्रमानं. पण ती आठ वर्षांच्या मुलाला परत लावता येत नाही. एक खडू मोडला की खाचेत बसत नाही, एक स्केचपेन उलटं गेलं की झाकण लागत नाही, आणि मग ती उघडीच राहते. माझी कसोटी अशी: जे सामान मूल स्वतः, कुणी न सांगता, दोन मिनिटांत जागच्या जागी ठेवू शकतं, तेवढंच त्याच्या ताब्यात द्यायचं. म्हणून त्या पेटीतले १२ रंग तिलाच निवडू द्या. बाकीचे पेटीसकट कपाटावर. महिन्या-दोन महिन्यांनी खाली काढून अदलाबदल करायची, म्हणजे मामाची भेट वर्षभर नवी राहते. कमी रंगांचा दुसरा फायदा असा की हिरवा संपला तर पिवळ्यावर निळा फिरवून बघावा लागतो. बारा छटांचे हिरवे हाताशी असले तर हे बघायची गरजच पडत नाही.

ट्रॉली वाईट नाही. ज्यांच्याकडे एक कोपरा मोकळा आहे, दोन-तीन मुलं आहेत, रंग आणि चिकटकाम सगळं चालतं, त्यांना ती उपयोगी पडते. तुमच्या घरात ती आधी वाटेत येईल, मग तिच्यावर वर्तमानपत्रं आणि चार्जर साठतील, आणि धाकटा तिला धरून उभा राहायला बघेल. मी तुमच्या जागी असते तर कपाटाचा एक खण तिच्या छातीच्या उंचीवर मोकळा केला असता. त्यात दोन वस्तू. एक, बिनझाकणाचा ट्रे किंवा उथळ टोपली, तिच्यात वही, पॅड आणि कागद. दुसरी, पेन्सिलींची गुंडाळी.

ही गुंडाळी घरी शिवता येते, आजींना सांगा. जुन्या जीन्सच्या पायाचं कापड घ्यायचं. नवी पेन्सिल साधारण साडेसतरा सेंटिमीटरची असते. खालून ११ सेंटिमीटर उंचीची पट्टी दुमडायची, तिच्यावर अडीच-अडीच सेंटिमीटरवर उभ्या शिलाया घालायच्या, बारा खण होतात. वर दहा सेंटिमीटर कापड मोकळं ठेवायचं, ते टोकांवर दुमडून येतं. एका कडेला नाडी. गुंडाळलं की मुठीत मावतं, उलगडलं की सगळ्या पेन्सिली एका नजरेत. मोठा फायदा असा की पेन्सिली एकमेकींवर आपटत नाहीत. पत्र्याच्या कंपासपेटीत खुळखुळणारी किंवा चारदा जमिनीवर पडलेली पेन्सिल बाहेरून धडधाकट दिसते, पण आतली कांडी ठिकठिकाणी तुटलेली असते. मग शार्पनरमध्ये घातली की टोक गळून पडतं, मूल पुन्हा टोक काढतं, पुन्हा गळतं. आपण शार्पनरला दोष देतो आणि पेन्सिल अर्ध्यावर येते.

मेणखडूंचे तुकडे ठेवायला जुना मसाल्याचा डबा फार चांगला. सात वाट्यांत लाल, पिवळे, निळे असे वेगळे पडतात, वाटी उचलून कागदाशेजारी ठेवता येते, आणि झाकण मूल स्वतः लावू शकतं. डबा नीट धुऊन उन्हात वाळवा, हळदीचा वास बरेच दिवस राहतो. मेच्या उकाड्यात खडू खिडकीजवळ ठेवू नका, मऊ होऊन एकमेकांना चिकटतात; तेलखडू तर जास्तच. त्यांच्यावरचा कागद काढू नका.

खोडरबर मात्र वेगळा ठेवा. पांढरा मऊ खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला किंवा डब्याला टेकून महिनाभर राहिला की तिथे चिकटून बसतो आणि प्लास्टिकवर डाग पडतो, हे तुम्हीही बघितलं असेल. रबर मऊ राहावा म्हणून त्यात घातलेला तेलकट पदार्थ हळूहळू पाझरून प्लास्टिकलाही मऊ करतो. त्याचं कागदी वेष्टन काढायचं नाही, किंवा कापडाच्या खणात ठेवायचा. स्केचपेनं आडवी ठेवा. त्यांची टोपणं धाकट्याच्या तोंडात जाण्याइतकी छोटी असतात, म्हणून ती वरच्याच फळीवर, मागितल्यावर मिळतील अशी. ब्लेड आणि कटर तर तिच्याही सामानात नको.

झालेल्या चित्रांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही सांगते. ए३ कागदाहून जरा मोठे, म्हणजे साधारण ३२ बाय ४४ सेंटिमीटरचे दोन पुठ्ठे घ्या, एका बाजूनं कापडी पट्टी चिकटवा, तीन बाजूंना नाड्या. हे फोल्डर गादीखाली किंवा कपाटामागे सपाट राहतं. खडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाही तर रंग शेजारच्या पानावर उतरतो. सगळं ठेवू नका. महिन्याच्या शेवटी तिनं स्वतः चार-पाच निवडावीत. बाकीची रद्दीत जाणार असतील तर तिच्या डोळ्यांदेखत टाकू नका.

दमट हवेत कागदाचे दोन शत्रू, बुरशी आणि कसर, म्हणजे कागद खाणारी बारीक कीड. डोंबिवलीचा पावसाळा आमच्याइतका नसला तरी पुरेसा ओला असतो. बाहेरच्या भिंतीला टेकून कागद ठेवू नका, ती भिंत ओल धरते. प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात जुलैमध्ये कागद भरले तर ओलही आतच कोंडते आणि ऑगस्टमध्ये काळे ठिपके दिसतात. भरायचंच तर मेमध्ये, कोरड्या दिवशी, पंख्याखाली कागद पसरून मग भरा. मी वाळवलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवते. डांबरगोळ्या मुलांच्या सामानात अजिबात नकोत, घरात दीड वर्षाचं मूल असताना तर नाहीच.

आणि जमिनीलगत ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझ्या घरीही आलं. खालच्या खणात मुलांच्या रेखाटनांच्या वह्या होत्या, कितीतरी वर्षं जमवलेल्या. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा उचलावा लागला. माळ्यावरचे दोन गठ्ठे तेवढे वाचले. तेव्हापासून जे परत मिळणार नाही ते वर आणि ज्याला रोज हात लागायचा ते मुलाच्या हाताला, असं मी ठेवते. दर महिन्याला निवडलेल्या चित्रांचे मोबाइलवर फोटोही काढते, दिवसाउजेडी, खिडकीपाशी.

राहिला घोडा. तिनं खरा घोडा किती वेळा जवळून, निवांत बघितलाय? बहुधा वरातीत किंवा चौपाटीवर, पळभर. आठवणीतून घोडा काढणं माझ्यासारखीलाही अवघड जातं. तुम्हाला माथेरान जवळ आहे. पावसाळा संपला की एखाद्या सकाळी नेरळहून वर जा. दस्तुरी नाक्याशी गाड्या थांबतात आणि तिथेच घोडे भाड्यासाठी उभे असतात. ए५ वही, २बी पेन्सिल, बस्स, रंग नकोत. थोडं लांब, सावलीत बसा. उभा घोडा पुष्कळदा एक मागचा पाय सैल सोडून नुसतं खूर टेकवून विसावा घेतो. तिला विचारा, तो मागचा पाय कुठे वाकलाय आणि कुठल्या बाजूला? पुढच्या पायाचा गुडघा आणि मागच्या पायाचा तो कोपरा यांची टोकं एका दिशेला आहेत की उलट? घोडा हलेल, पान अर्धवट राहील, तिनं दुसरं पान उलटावं. असे सात-आठ अर्धवट घोडे झाले की तिथे जवळच काहीतरी गरम खा, तारीख घाला आणि परत या.